संसर्ग झालेला कृत्रिम गुडघा: काढणे, खरवडणे आणि औषधी सिमेंटचा स्पेसर

गुडघा बदलून आठवडा उलटला तरी टाक्यांमधून पाणी झिरपतंय, किंवा दोन वर्षं छान चालणाऱ्या माणसाचा गुडघा एकाएकी सुजून गरम लागतोय, अशा वेळी अँटिबायोटिकची गोळी लगेच सुरू करू नका. हे ऐकायला उलटं वाटतं. गल्लीतले डॉक्टर, मेडिकलवाला, ओळखीतला कंपाउंडर, सगळे पाच दिवसांचा कोर्स देतात आणि दुखणं थोडं उतरतंही. पण त्या पाच दिवसांमुळे सांध्यातल्या पाण्याचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) निगेटिव्ह येण्याची शक्यता खूप वाढते, आणि मग जंतू कोणता हे न कळताच पुढचे महिने औषध द्यावं लागतं. ताप चढलाय, रक्तदाब खाली चाललाय, माणूस गळून गेलाय, अशी अवस्था असेल तर मात्र थांबायचं नाही. तिथेही आधी रक्ताचं कल्चर आणि सांध्यातलं पाणी घ्यायचं आणि त्याच तासाभरात औषध सुरू करायचं.

इतका आग्रह का, हे जंतूंच्या राहणीत आहे. ते धातूवर आणि प्लॅस्टिकवर बसतात आणि स्वतःभोवती चिकट थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या पाण्याच्या पिंपाला आतून जो बुळबुळीत थर धरतो, तशातलाच हा प्रकार. पाणी बदलून तो जात नाही, घासावाच लागतो. इम्प्लांटला, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याला, रक्तपुरवठा नसतो, म्हणजे शिरेतून दिलेलं औषध तिथवर जेमतेम पोचतं. शिवाय थरात दडलेला जंतू मारायला मोकळ्या जंतूच्या शंभर ते हजार पट औषध लागू शकतं, आणि तेवढा डोस शरीर सोसत नाही. म्हणून थर जुना झाला असेल तर इम्प्लांट काढावं लागतं, आणि तेवढं तीव्र औषध फक्त सांध्यापुरतं मिळावं यासाठी ते इम्प्लांट हाडाला पक्कं करायच्या सिमेंटमध्ये कालवून, त्याचा तात्पुरता ठोकळा, म्हणजे स्पेसर, करून आत बसवावं लागतं. हाँबुर्गच्या हान्स व्हिल्हेल्म बुखहोल्ट्स यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याचे अनुभव १९७० मध्ये छापले. गुडघा दोन टप्प्यांत बदलण्याची, म्हणजे आधी काढून काही आठवड्यांनी नवा बसवण्याची, पद्धत न्यूयॉर्कच्या जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. आज आम्ही ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जे करतो, त्याचा सांगाडा या दोन कामांवर उभा आहे.

सुरुवात सुईने होते. रुग्ण अँटिबायोटिक घेत असेल आणि तब्येत परवानगी देत असेल तर औषध दोन आठवडे बंद ठेवायचं, मग पाणी काढायचं. बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलावर घाईत नाही, तर ओटीसारखी त्वचा साफ करून. भुलीचं इंजेक्शन फक्त कातडीत द्यायचं, सांध्यात सोडायचं नाही, कारण लिग्नोकेन स्वतःच जंतूंची वाढ रोखतं. सुई टाकूनही पाणी आलं नाही तर आत सलाइन सोडून परत ओढण्याचा मोह होतो. तसं केलं तर पेशींची मोजणी बिघडते. पहिलं पाणी जांभळ्या झाकणाच्या नळीत पेशी मोजायला, पुढचं रक्त-कल्चरच्या बाटल्यांत, आणि उरलेलं साध्या निर्जंतुक नळीत. लॅबला चिठ्ठीवर ठळक लिहायचं: ‘कृत्रिम सांधा आहे, कल्चर १४ दिवस ठेवा’. नाहीतर नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे तीन-पाच दिवसांनी ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट हातात पडतो, आणि सावकाश वाढणारे जंतू त्यात सापडत नाहीत.

जुनाट संसर्गासाठी २०१८ च्या आंतरराष्ट्रीय निकषांतले आकडे आम्ही डोळ्यांसमोर ठेवतो (सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या): सीआरपी लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर, ईएसआर ३० च्या वर, सांध्यातल्या पाण्यात मायक्रोलिटरला ३,००० हून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ८० टक्क्यांहून जास्त. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हे आकडे चालत नाहीत, कारण ऑपरेशनमुळेच सूज असते. तिथे सीआरपी १००, पेशी १०,००० आणि न्यूट्रोफिल ९० टक्के ही रेषा धरायची. जखमेतून थेट सांध्यापर्यंत जाणारं भोक, म्हणजे नाडीव्रण, असेल किंवा दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू उगवला असेल, तर आकडेमोडीची गरजच उरत नाही. सीआरपीचं एकक मात्र प्रत्येक वेळी वाचावं. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापटीचा फरक आहे, आणि ‘सीआरपी २ आहे, ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेल्या गुडघ्यात पू निघू शकतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मनात ठेवावी लागते. महिनोन्‌महिने रेंगाळणारा, साध्या कल्चरला न सापडणारा संसर्ग क्षयाचाही असू शकतो. म्हणून एक नमुना जीनएक्सपर्टला (क्षयजंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि क्षयाच्या कल्चरला पाठवायचाच, आणि बुरशीचं कल्चरही सांगायचं.

प्रत्येक संसर्गाला इम्प्लांट काढावंच लागतं असं नाही. ऑपरेशनला चार आठवडे झाले नाहीत, किंवा जुन्या चांगल्या गुडघ्यात तीन आठवड्यांच्या आतली नवी लक्षणं आहेत, इम्प्लांट घट्ट आहे आणि कातडी धड आहे, तर आत जाऊन सगळं धुऊन-खरवडून फक्त मधली प्लॅस्टिकची चकती बदलता येते. चकती न बदलता नुसतं धुणं आम्हाला पटत नाही. ती काढल्याशिवाय तिच्या खालचा थर आणि गुडघ्याची मागची बाजू दिसतच नाही. दुर्बिणीतून धुणं तर त्याहून अपुरं. जंतू माहीत आहे, औषधाला दाद देणारा आहे, हाड आणि मांस चांगलं आहे, अशा ठिकाणी एकाच बैठकीत जुनं काढून नवं बसवतात. हाँबुर्गची परंपरा तीच. नाडीव्रण, अनोळखी किंवा चिवट जंतू, बुरशी, हाडाची मोठी झीज, आधीची फसलेली धुलाई, असं काही असेल तर दोन टप्पे. आमच्याकडे येणारे बहुतेक गुडघे या शेवटच्या गटातले असतात, म्हणून पुढचं वर्णन त्याचंच.

तारीख ठरण्याआधी काही गोष्टी जमवाव्या लागतात. पहिली, आधीच्या ऑपरेशनचा स्टिकर. डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशन नोटवर इम्प्लांटची कंपनी, मॉडेल आणि साइज लिहिलेले स्टिकर चिकटवलेले असतात. ते मिळाले तर चकतीचं कुलूप कसं उघडतं, नडगीवरच्या धातूच्या तबकाला खाली किती लांब दांडा आहे, हे आधीच कळतं. नातेवाइकांना आम्ही कागद शोधायला लावतो, जुन्या हॉस्पिटलातून प्रत मागवायला सांगतो. घरच्या कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बऱ्याचदा ते सापडतात. साखर आटोक्यात हवी, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन बघायचं, किडलेले दात उपटून किंवा भरून घ्यायचे, पायांच्या बोटांमधल्या चिखल्या बऱ्या करायच्या. तंबाखू आणि मिश्री बंद. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आवळतो, आणि याच कातडीवर तिसऱ्यांदा-चौथ्यांदा चिरा जाणार असतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, हे तर सिमेंटचा डोस ठरवण्यासाठीच लागतं.

ऑपरेशनच्या दिवशी पाय उंच धरून रक्त उतरू देतात आणि मग टुर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा मांडीवरचा पट्टा, फुगवतात. एरवीसारखा रबरी पट्टा आवळत वर नेत नाहीत, कारण पू त्यासोबत वर ढकलला जातो. गुडघ्यावर दोन-तीन जुने व्रण असतील तर त्यांतला वापरता येण्याजोगा सर्वांत बाहेरच्या बाजूचा निवडायचा. गुडघ्याच्या पुढच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूने येतं. नाडीव्रणाचं तोंड कातडीसकट कापून काढायचं. सांधा आखडलेला असेल तर मांडीच्या स्नायूच्या कंडऱ्याला वर तिरका छेद देऊन जागा करायची. वाटीखालची कंडरा जबरदस्तीने ताणली आणि नडगीवरून उचकटली, तर पुढचं सगळं ऑपरेशन यशस्वी होऊनही माणसाला पाय सरळ उचलता येत नाही.

जंतू आधी कळला नसेल तर भूलतज्ज्ञांना सांगून अँटिबायोटिकचा डोस नमुने निघेपर्यंत थांबवतो. पाच-सहा नमुने घ्यायचे: सांध्याचं अस्तर, मांडीच्या हाडाची बाजू, नडगीची बाजू, मागचा खळगा, हाडाची पोकळी. प्रत्येकाला वेगळा चिमटा, वेगळं पातं, वेगळी डबी. कापसाच्या काडीने पुसून पाठवणं उपयोगाचं नाही, उतीचा तुकडाच हवा. सिस्टरकडे सहा डब्या आधीच नाव घालून तयार असतात, आणि फॉर्मॅलिनची एकच डबी वेगळ्या ट्रेवर, पॅथॉलॉजीसाठी. सवयीने सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडले की जंतू मरतात, कल्चर संपलं. तो नमुना परत मिळत नाही.

काढण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी चकती, मग मांडीच्या हाडाचा भाग, मग नडगीचं तबक, शेवटी वाटीची प्लॅस्टिकची टिकली. पातळ ऑस्टिओटोम (हाडाची छिन्नी) आणि बारीक पात्याची करवत धातू आणि सिमेंट यांच्या मधून चालवायची, सिमेंट आणि हाड यांच्या मधून नाही. आतून अर्धं, बाहेरून अर्धं, असं दोन्हीकडून मोकळं करत जायचं. पूर्ण सुटल्यावर हलक्या ठोक्यांत इम्प्लांट हातात येतं. येत नसेल तर कुठेतरी धरलेलं आहे, तिथे परत पातं घालायचं. हातोडीचा जोर वाढवला तर हाडाचा गोळाच्या गोळा इम्प्लांटला चिकटून येतो. या पायरीला वेळ लागतो, आणि इथे वाचवलेल्या हाडावरच दुसऱ्या टप्प्याचं इम्प्लांट उभं राहणार असतं. सोय असेल तर काढलेला धातू निर्जंतुक डब्यात लॅबला पाठवतो. अल्ट्रासाउंडच्या लहरींनी थर सुटवून कल्चर केलं तर उतीच्या तुकड्यांत न सापडलेले जंतूही सापडतात.

मग सिमेंट. जुन्या सिमेंटचा कणही मागे ठेवायचा नाही. छिन्नी, बर, रीमर, जे लागेल ते वापरून हाडाच्या पोकळीतला शेवटचा तुकडा निघाला की नाही हे शंका असेल तर क्ष-किरणाखाली बघायचं. अस्तर काढायचं ते मागच्या खळग्यापर्यंत. दोन हाडं स्प्रेडरने फाकवून, मागे गुडघ्याची मोठी रक्तवाहिनी आहे याचं भान ठेवून. हाड खरवडताना पांढरट, निर्जीव भाग जाऊन रक्ताचे बारीक लाल ठिपके दिसू लागले की थांबायचं. टुर्निके मध्ये एकदा सोडला तर जिवंत काय आणि मेलेलं काय हे स्पष्ट दिसतं. धुवायला नऊ लिटर सलाइन, कमी दाबाने. जास्त दाबाचा फवारा घाण हाडात आणखी आत ढकलू शकतो. मधे पातळ पोव्हिडोन आयोडिन: ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये १० टक्क्यांचं साडेसतरा मिलिलिटर, म्हणजे ०.३५ टक्के, तीन मिनिटं भरून ठेवायचं आणि परत धुऊन काढायचं.

इथे आमचं ठाम मत सांगतो. औषधी सिमेंट असो, चांदीचा लेप असो की जेल, ही सगळी उरल्यासुरल्या जंतूंसाठी आहेत. खरवडण्यात कसर राहिली तर ती भरून काढायची ताकद कुठल्याही लेपात नाही. परत परत संसर्ग उसळलेले गुडघे आमच्याकडे येतात, त्यांत डोस कमी पडला होता असं क्वचित दिसतं. मागच्या खळग्यातलं अस्तर तसंच राहिलेलं, पोकळीत सिमेंटचं बूच अडकलेलं, हे मात्र वारंवार दिसतं.

खरवडून झाल्यावर सगळे हात धुऊन नवे गाऊन, नवे हातमोजे घालतात. नव्या चादरी, नवी सक्शनची नळी, नवं कॉटरी (रक्तस्राव थांबवायचं विजेचं हत्यार), हत्यारांचा न उघडलेला दुसरा सेट. पहिल्या ट्रेवरचं काहीही या ट्रेवर येत नाही. ओटीतल्या नव्या मंडळींना हा खर्चाचा अतिरेक वाटतो, पण स्वच्छ केलेल्या सांध्यात घाणेरड्या चिमट्याने स्पेसर बसवण्यात काय अर्थ?

आता स्पेसर. सिमेंटचं एक पाकीट म्हणजे ४० ग्रॅम भुकटी आणि सुमारे २० मिलिलिटर द्रव. गुडघ्याला साधारण दोन ते तीन पाकिटं लागतात. शक्यतो जेंटामायसिन आधीच मिसळलेलं सिमेंट घेतो, त्यात पाकिटामागे अर्धा ते एक ग्रॅम असतं. त्यावर प्रत्येक पाकिटाला २ ते ३ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन, मूत्रपिंडं चांगली असतील तर ४ पर्यंत. दोन औषधं घालण्यामागे एक उघड कारण आहे, की अधिक प्रकारचे जंतू कव्हर होतात. दुसरं कमी माहीत असलेलं कारण असं, की एक औषध विरघळून निघालं की सिमेंटमध्ये बारीक छिद्रं पडतात आणि त्यांतून दुसऱ्यालाही वाट मिळते. पाकिटामागे औषधाची एकूण भुकटी ८ ग्रॅमच्या पुढे गेली की सिमेंट धड एकजीव होत नाही, ठिसूळ होतं.

औषध फक्त भुकटीच्या रूपात घालायचं. जेंटामायसिनची इंजेक्शनची अँप्युल ओतली तर पाण्यामुळे सिमेंट कमकुवत होतं. रिफॅम्पिसिन तर घालायचंच नाही, त्याने सिमेंट नीट आळतच नाही. आणि आळताना सिमेंट चांगलंच तापतं, त्यामुळे उष्णतेत न टिकणारी औषधं बाद. व्हॅन्कोमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन ही उष्णता सोसतात. बुरशी असेल तर ॲम्फोटेरिसिन किंवा व्होरिकोनॅझोल घालतात.

कालवण्याचं काम जवळून बघण्यासारखं असतं. व्हॅन्कोमायसिनची बाटली बाहेरून निर्जंतुक नसते. फ्लोअर सिस्टर ॲल्युमिनियमचं कडं उचकटून रबरी बूच पूर्ण काढते आणि बाटलीचा काठ वाटीला न लावता वरून उपडी करते. भुकटी तळाशी वडीसारखी घट्ट बसलेली असते, म्हणून बाटली आधीच तळहातावर आपटून वडी मोडून ठेवायची. तीन पाकिटांना पाकिटामागे ३ ग्रॅम धरले तर अर्ध्या ग्रॅमच्या १८ बाटल्या होतात. त्या सिमेंट उघडण्याआधी रिकाम्या झालेल्या असाव्यात. रिकाम्या बाटल्या टाकायच्या नाहीत, ओळीने मांडून दोघांनी मोजायच्या आणि डोस नोटमध्ये लिहायचा. आधी सिमेंटची भुकटी आणि द्रव कालवायचं, ओलसर झालं की औषध थोडं थोडं पेरत जायचं. खलबत्त्यात कुटल्यासारखं अगदी बारीक करत बसायचं नाही. खडे थोडे राहिले तर औषध जास्त सुटतं. व्हॅक्यूमही लावायचा नाही. नवं इम्प्लांट पक्कं बसवताना हवेचे बुडबुडे नको असतात, स्पेसरमध्ये ते हवे असतात. या उग्र वासाच्या द्रवाची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी वाटीपासून लांब राहावं. कालवणाऱ्याचे हातमोजे दुहेरी हवेत.

वेळ ओटीच्या तापमानावर ठरतो. एप्रिल-मेमध्ये स्टोअरमधल्या गरम कपाटातून थेट आणलेलं पाकीट कालवता कालवताच आळायला लागतं. म्हणून आदल्या दिवशी पाकिटं ओटीच्या थंडाव्यात आणून ठेवायची. जास्त औषधाने गोळा कोरडा आणि चुरचुरीत होतो. घाबरून जास्तीचा द्रव ओतू नये, हाताने मळत राहिलं की तो येतो.

गोळा हातमोज्याला चिकटेनासा झाला की बसवायचा. त्याआधी बसवला तर हाडाच्या छिद्रांत शिरतो आणि दुसऱ्या वेळी हाडासकट निघतो. उलट उशीर केला तर आकार घेत नाही. हाडावर थोडं रक्त असू द्यायचं, त्याने सिमेंट पक्कं धरत नाही. सहायकाने पाय खेचून धरायचा, म्हणजे दोन हाडांमधलं अंतर टिकतं. स्पेसर ठेंगणा झाला तर सांधा डगमगतो, माणूस रात्रभर कण्हतो. फार उंच झाला तर कातडी ताणून बंद होत नाही. आळताना थंड सलाइन टाकत राहायचं आणि स्पेसर जागच्या जागी थोडा हलवत राहायचा.

आजूबाजूचे अस्थिबंध शाबूत असतील, हाड बऱ्यापैकी असेल तर हलणारा स्पेसर: साच्यातून काढलेले सिमेंटचे दोन भाग, किंवा मांडीच्या बाजूला धातूचं आणि नडगीच्या बाजूला प्लॅस्टिकचं साधं इम्प्लांट, दोन्ही औषधी सिमेंटने सैलसर बसवलेलं. यात गुडघा वाकता राहतो आणि दुसरं ऑपरेशन सोपं जातं. अस्थिबंध गेलेले, हाड पोखरलेलं, कातडीची अडचण असेल तर न हलणारा ठोकळा. पण नुसता ठोकळा सटकतो, हाड खातो, पुढे सरकून कंडरेवर टोचतो. म्हणून त्यात सळया घालतो, आणि त्या सळयांवरही औषधी सिमेंटचाच लेप असतो.

लेपाची सळई आम्ही ओटीतच बनवतो. साचा म्हणजे छातीत घालायची प्लॅस्टिकची नळी. नळीवरच्या फ्रेंच आकड्याला तीनने भागलं की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ४० नंबरच्या नळीतून साधारण १० मिलिमीटर जाडीची सळई निघते. हाडाची पोकळी त्याहून दीड-दोन मिलिमीटर जास्त रीम करायची, म्हणजे कोरून रुंद करायची, नाहीतर आत ठोकताना लेप सोलवटतो. नळीला आतून निर्जंतुक लिक्विड पॅराफिनचा हात फिरवायचा, पातळ असतानाच सिमेंट गनने भरायचं आणि मग आट्यांची किंवा खाचांची धातूची सळई बरोबर मधोमध घालायची. गुळगुळीत सळई वापरू नये. काढताना ती एकटीच हातात येते, लेप पोकळीत खोल अडकून राहतो आणि तो काढायला हाडाला खिडकी पाडावी लागते. सळई एका बाजूला कलली तर तिथला लेप कागदासारखा पातळ होऊन तडकतो, म्हणून दोघांनी दोन टोकं धरून नळी गार होईपर्यंत सरळ धरायची. मग पात्याने दोन बाजूंनी चीर देऊन नळी सोलायची आणि कडेला उठलेली शिवण खरवडून सपाट करायची. एक सळई वर मांडीच्या हाडात, एक खाली नडगीत, दोन्हींची टोकं सांध्यात एकमेकांवर आणून मधे उरलेल्या सिमेंटचा ठोकळा भरायचा. सांध्यातली टोकं नीट पकडीत येतील अशी ठेवायची, पुढच्या वेळी तिथूनच ओढायचं असतं.

औषध सिमेंटमधून एकसारखं सुटत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत मोठा लोंढा, मग आठवडाभर उतरता प्रवाह, पुढे थोडं थोडं. या पहिल्या लोंढ्यातलं काही रक्तात जातं आणि मूत्रपिंडांवर भार येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात क्रिएटिनिन एक दिवसाआड बघतो, लघवीचं प्रमाण मोजतो, शिरेतून वेगळं जेंटामायसिन किंवा अमिकासिन शक्यतो टाळतो. आणि डायक्लोफिनॅक पूर्ण बंद. घरी गेल्यावर दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणली जाते, हे मूत्रपिंड बिघडण्याचं नेहमीचं कारण. डिस्चार्जच्या वेळी घरातल्या दोघांना बसवून हे सांगावं लागतं. क्रिएटिनिन चढतच राहिलं तर स्पेसर काढावा लागण्याची वेळही येऊ शकते.

मधले आठवडे कंटाळवाणे आणि कठीण असतात. जंतूनुसार औषध सहा आठवडे. पूर्वी ते सगळं शिरेतून द्यायचो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओव्हिव्हा चाचणीनंतर, चांगली तोंडी गोळी उपलब्ध असेल तर लवकर गोळ्यांवर आणायला धीर आला. स्टॅफिलोकोकस असेल आणि धातू आतच ठेवला असेल तर रिफॅम्पिसिनचा मोठा उपयोग आहे, पण ते कधीही एकटं द्यायचं नाही, आणि जखम कोरडी झाल्याशिवाय सुरू करायचं नाही; जंतू त्याला फार लवकर दाद देईनासा होतो. लघवी केशरी होते, हे आधी सांगितलं नाही तर लोक घाबरून गोळी सोडतात. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा आणि वॉरफॅरिनचा असर रिफॅम्पिसिनमुळे कमी होतो, तेव्हा फिजिशियनला कळवायचं. वॉकर घेऊन चालायचं, न हलणाऱ्या स्पेसरला ब्रेस बांधून. भारतीय पद्धतीच्या संडासावर बसता येत नाही, खुर्चीची सोय आधी करून ठेवावी.

सहा आठवडे झाले की औषध थांबवून दोन आठवडे बघतो. सीआरपी खाली येत जायला हवा. तो अगदी नॉर्मल होईलच असं नाही. उतरत जाऊन स्थिरावला, जखम शांत आहे, तर पुढे जातो. परत चढू लागला तर पुन्हा पाणी काढायचं. स्पेसर वर्षभर तसाच ठेवणारे रुग्णही आहेत, पैशांमुळे किंवा भीतीमुळे. औषध संपलेला स्पेसर ही आणखी एक परकी वस्तू असते, जंतूला बसायला जागा. तो मोडतो, हाड झिजवतो. म्हणून पहिल्या ऑपरेशनआधीच दुसऱ्याच्या खर्चाचं बोलून घ्यावं. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली, तरी दोनदा भूल, दोनदा ओटी, महाग औषधं यांचा भार उरतोच.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये परत नमुने, परत तितकंच खरवडणं. एक तुकडा लगेच गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मोठ्या भिंगाच्या पाच क्षेत्रांत प्रत्येकी पाचहून जास्त न्यूट्रोफिल दिसले तर नवं इम्प्लांट बसवत नाही, नवा स्पेसर बसवून बाहेर येतो. सगळं स्वच्छ असेल तर लांब दांड्याचं, झीज भरणाऱ्या तुकड्यांचं इम्प्लांट, अस्थिबंध गेले असतील तर बिजागरीचं. ते बसवणाऱ्या सिमेंटमध्ये औषध असतं, पण पाकिटाला एक-दोन ग्रॅमच, कारण इथे वजन पेलायचं आहे. आता व्हॅक्यूमही लावायचा.

लेप असलेली इम्प्लांटं याच टप्प्यावर येतात. हायल्युरॉनिक आम्ल आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचं एक जेल युरोपात वापरतात. त्यात ऑपरेशनच्या वेळी व्हॅन्कोमायसिन किंवा जेंटामायसिन मिलिलिटरला २० ते ५० मिलिग्रॅम मिसळून इम्प्लांटवर पसरवतात, आणि ते तीनेक दिवसांत औषध सोडून विरून जातं. सिमेंटविना बसणाऱ्या दांड्यांना हा पर्याय चांगला आहे. चांदीचा मुलामा हाडाच्या कर्करोगात बसवतात त्या मोठ्या इम्प्लांटवर असतो, जर्मनीत म्युन्स्टरला त्यावर बरंच काम झालं आहे. जपानमध्ये कानाझावाला टायटेनियमवर आयोडिनचा थर वापरतात. सांध्याच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर यांतलं काहीच लावता येत नाही. विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्याही औषध घालून सांध्याभोवती ठेवतात. त्या जास्त झाल्या तर जखमेतून पांढरट पाणी गळत राहतं, लोक त्याला पू समजतात, आणि कधी रक्तातलं कॅल्शियमही वाढतं. आपल्याकडे रोजच्या कामात भरवशाचं आणि परवडणारं आहे ते औषधी सिमेंटच.

दोन टप्प्यांच्या उपचाराने दहांपैकी आठ-नऊ गुडघ्यांतला संसर्ग आटोक्यात येतो, असं पुस्तकी उत्तर आहे. त्यात एक खोट आहे. पहिल्या टप्प्यानंतर दुसऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत असे रुग्ण बऱ्याच हिशेबांत धरलेले नसतात. ते धरले की आकडा खाली येतो. घरच्यांना आम्ही हे असंच सांगतो, आणि शेवटचे पर्याय म्हणून सांधा सळईने कायमचा जोडणं आणि क्वचित पाय काढणं, हेही पहिल्याच भेटीत बोलतो.

नवं इम्प्लांट बसल्यावर आधीच्या जंतूनुसार तीन महिने तोंडी औषध देतो. दुसऱ्या ऑपरेशनच्या नमुन्यांचं कल्चर १४ दिवसांनी हाती येतं, तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. तो रिपोर्ट बघायची जबाबदारी नावानिशी एकाकडे द्यायची. एकाच नमुन्यात कातडीवरचा जंतू आला तर बहुधा बाहेरून मिसळलेला असतो. दोन नमुन्यांत एकच जंतू उगवला तर रुग्णाला त्याच दिवशी फोन करून बोलवायचं आणि औषध त्या जंतूनुसार बदलून द्यायचं.